पट्ट्याचं व्याकरण

जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या कुत्र्यांशी इंग्रजीतच बोलायचं असतं. पट्टा बांधलेला लॅब्रेडॉर ‘ही’ असतो. ‘ही इज व्हेरी शाय’, मालक कौतुकानं सांगतात. भेळेच्या कागदाभोवती घुटमळणारं गावठी मात्र ‘इट’. नवी गाडी ‘शी’, तीही हप्ते सुरळीत असेपर्यंत. जहाजांना वर्षानुवर्षं ‘शी’ म्हणणाऱ्या लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजवाहतुकीच्या वृत्तपत्रानं २००२ साली ‘इट’ पत्करलं. आपल्या पार्किंगपर्यंत ती बातमी पोचायची आहे. मराठीत तलाव तो, होडी ती, मेहरूणचं बोर ते. लळा असो-नसो, ज्याचं त्याला मिळतं. तलावाकाठचा रस्ता झाडणाऱ्या मावशींना मात्र हेच मालक नुसत्या ‘ए’वर भागवतात.