राहूदेभाऊ

मिरकरवाड्याच्या जेटीवर माशाचं वय तासांत मोजतात. लिलावात बांगड्याचा कल्ला उघडून बघतात. रंग उतरलेला दिसला की भाव पडलाच. त्याच बंदरावरच्या कचेरीत डिझेल परताव्याचे अर्ज भरणाऱ्या माणसाला मात्र शिळं म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्या संगणकाच्या टेम्प फोल्डरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या खणात, कैक मोसमांचा माल पडून असतो. पुसू का विचारलं, तर म्हणतो, "राहू दे, लागेल कधीतरी." आपण त्याला राहूदेभाऊ म्हणू.

तो अडाणी नाही, पोळलेला आहे. प्रत्येक टेबलावर "मागच्या वर्षीची प्रत आणा" ऐकत ज्याची उमेद गेली, तो काहीच फेकत नाही, आणि कागदाला लागलेली ही सवय त्याने यंत्रालाही लावली. पण टेम्पमधली फाइल आजवर कुठल्याही साहेबाने मागितलेली नाही आणि ती खुद्द भाऊंनाही उघडत नाही. वीज गेली तेव्हा अर्ज वाचला तो हिच्यामुळेच, असं ते म्हणतील. मात्र वर्ड दर दहा मिनिटांनी जी बचावाची प्रत करतं ती टेम्पमध्ये नसतेच, आणि न साठवलेल्या फायली तर ऑफिस चार दिवसच सांभाळतं. काही मोडेल ही भीतीही फोल, कारण वापरात असलेली फाइल विंडोज सहसा पुसूच देत नाही. उलट घोटाळा होतो तो राहिलेल्या फायलींनी. वर्डमध्ये अर्ज उघडला की शेजारी उघडणाऱ्याच्या नावाची एक लपलेली फाइल बसते. वर्ड नीट बंद केलं तर जाते, वीज गेली तर तिथेच राहते. मग दुसऱ्या दिवशी संगणक सांगतो, अर्ज दुसऱ्या कुणीतरी उघडलाय, आणि खाली नाव भाऊंचंच! भाऊ सज्जन; ते स्वतःची फाइल बंद होण्याची वाट बघत चहा मागवतात.

रोज सकाळी टेम्प रिकामं करणारा त्यांचा भाचाही शहाणा नव्हे. डिस्क गच्च भरली नसेल, तर त्याने यंत्र काही धावू लागत नाही. विंडोजचं जुनं सफाईचं साधनसुद्धा आठवड्याच्या आतल्या तात्पुरत्या फायलींना हात लावत नसे, आणि तेवढी सवलत पुरे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी विणायला निघतात, इंजिनं उघडली जातात. भाऊही मग सफाईला बसतात. आधी सगळं टेम्प फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवतात, पेनड्राइव्ह कपाटात कुलूपबंद करतात, आणि मूळ फोल्डर, अर्थातच, राहू देतात.