उतरण्याचे शास्त्र

हावड्याहून निघालेली गीतांजली एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला येते आणि रात्री मुंबईत शिरते. मधले आठशेच्या वर किलोमीटर नवखा माणूस खिडकीतून कापूस बघत वाया घालवतो. जाणकार नागपूरच्या चहाबरोबरच उतरायला सुरुवात करतो. एवढ्या लवकर सुरुवात केली तरच दादरला घाई करता येते.

दिवसाचा आरंभ मधल्या बर्थपासून करावा. नियमाप्रमाणे झोपायची वेळ रात्री 10 ते सकाळी 6. सहाच्या ठोक्याला खालच्या बर्थवरचे काका मान वाकडी करून बसतात आणि कुणाचेही नाव न घेता ‘उजाडलं वाटतं’ असे म्हणतात. मधल्या बर्थवाल्याने झोपेचे सोंग नागपूरपर्यंत टिकवावे, त्यापुढे ताणू नये. सोंग वठवताना पाठीखालच्या गादीबद्दल कृतज्ञ असावे. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांना फोम मिळाला. त्यांच्याच काळात, 1977 च्या डिसेंबरात, ही गीतांजली एकही वरचा वर्ग न ठेवता सुरू झाली. पुढे वर्ग परत आले. फोम मात्र कुणी काढून नेला नाही, हे समाजवादाच्या पदरात पडलेले यश मानायला हरकत नाही.

तोंड लवकर धुवावे. शेवटच्या दिवशी नळाला पाणी असणे हा योग आहे आणि तो दुपारनंतर सहसा जुळत नाही.

त्यानंतर बूट. निजताना बर्थखाली ठेवलेला जोड सकाळी तिथे सापडला तर तो आपलाच आहे का, हे तपासावे. एक बूट शेजारच्या कप्प्यात गेलेला असतो. तो मागायला गेल्यावर त्या कुटुंबाशी ओळख होते आणि त्यांचा उरलेला चिवडा आपल्याकडे येतो. चिवडा नाकारू नये. पहिल्या दिवशी डबे झाकून खाणारी माणसे शेवटच्या दिवशी फार उदार होतात, कारण उरलेले घरी नेले तर ‘खाल्लं नाहीत का?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. अकोल्यापर्यंत लाडू संपतात, भुसावळला सगळे केळी घेतात आणि नाशिक रोडपर्यंत ती एकमेकांना आग्रहाने वाढतात. हिशेब केला तर प्रत्येकाने आपण घेतली तेवढीच केळी खाल्लेली असतात, फक्त दुसऱ्याची.

याच सुमारास पत्ते आणि फोन नंबर द्यायचे-घ्यायचे असतात. ‘मुंबईत आहात तोवर घरी याच’ हे वाक्य मनापासून म्हणावे. मनापासून म्हटले की त्याचा त्रास होत नाही. कोलकात्याचे दादा मात्र हे निमंत्रण गंभीरपणे घेतात आणि कुठली लोकल, कुठले स्टेशन असे तपशील विचारू लागतात. अशा वेळी स्टेशनापासून पुढे शेअर रिक्षा आणि त्यानंतर थोडे चालणे आहे, हे आधी सांगावे.

इगतपुरीला गाडी थांबते. इथे प्रत्येक डब्यातल्या एका गृहस्थाने खाली उतरून ‘इंजिन बदलतायत’ असे जाहीर करायचे असते. पूर्वी ते खरे होते: इगतपुरीच्या अलीकडे 25 हजार व्होल्टची एसी तार आणि पलीकडे मुंबईकडची 1500 व्होल्टची जुनी डीसी. आता थेट मुंबईपर्यंत एसीच आहे, पण गृहस्थ बदललेले नाहीत. त्यांना दुरुस्त करू नये. दुसरे गृहस्थ मागून ढकलायला बँकर लागतो असे सांगतील. तो घाट चढणाऱ्या गाड्यांना लागतो, आपण उतरणार. दर 37 फुटांना एक फूट असा हा थळ घाटाचा उतार आहे आणि तिथे इंजिनापेक्षा ब्रेकवर श्रद्धा हवी. बोगदे येऊ लागले की मुलांनी ओरडावे. मोठ्यांनी ओरडण्यास मनाई नाही.

कसारा गेले, लोकलचा पहिला रेक दिसला, की डबा बिघडतो. कल्याण अजून तासभर लांब असताना सगळे उभे राहतात. बॅगा दाराशी जातात, साखळीच्या कुलपाची किल्ली हरवते, आणि दिवसभर दबून असलेला प्रश्न बाहेर येतो: प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार? या प्रश्नाचे उत्तर ज्ञानाने देऊ नये, आवाजाने द्यावे. ‘डावीकडे!’ असे ठणकावणाऱ्याच्या मागे सगळे सामान डाव्या दाराला लागते. प्लॅटफॉर्म उजवीकडे आला तर त्या माणसाने ‘आज बदलला वाटतं’ म्हणावे आणि सगळ्यांच्या आधी उतरावे.

घरी फोन पारसिकचा बोगदा येण्याच्या बेतात असताना लावावा. 1916 साली उघडलेला हा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा ‘ठाणं आलं, भात टाक’ यातले ‘भात टाक’ हमखास गिळतो. पुढच्या रखडपट्टीत संताप करून घेऊ नये. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या गाडीला ठाण्यापर्यंतच्या 34 किलोमीटरला 57 मिनिटे लागली होती. तेवढ्या वेळात पोहोचलो तर परंपरा पाळली असे समजावे. सिग्नलला गाडी उभी असताना शेजारून भरलेली लोकल सुसाट जाते, दारातला पोरगा आपल्याकडे दयेने बघतो. आपणही त्याच्याकडे तसेच बघावे. आपल्याला बसायला जागा आहे. आपण तरीही उभे आहोत, ही आपली मर्जी.

शेवटचा वाद दादर की सीएसएमटी हा. दादरला अर्धा डबा ओसंडून खाली पडतो आणि उरलेल्यांना अचानक पाय पसरता येतात, म्हणून अंतर नऊच किलोमीटर असले तरी आडवे व्हावे. डोंबिवलीकरांसाठी मात्र वेगळी सूचना. कल्याणला उतरून लोकलने पुढे एक-दोन स्टेशने जाणे हा सरळ मार्ग, आणि घरचे तोच सांगतील. पण रात्रीच्या गर्दीत दोन बॅगा आणि संदेश मिठाईचा खोका घेऊन मधल्या स्टेशनवर लोकल पकडणे म्हणजे संदेशाचे श्रीखंड. सीएसएमटीपर्यंत जावे. लोकल तिथूनच सुटते, खिडकी मिळते, खोका मांडीवर राहतो. मेलचे तिकीट पुढे चालत नाही, वेगळे काढावे. आणि ठाणे गेल्यावर उठून दाराशी उभे राहावे. या लोकलमध्ये मात्र ते खरोखरच आवश्यक असते.