माहितीरक्षक यंत्रबुद्धीस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री यंत्रबुद्धीसाहेब, मुक्काम सर्व्हर, यांसी कृ. सा. न. वि. वि.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा आमचे व्यवस्थापन स्वस्थ होते. परंतु २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा करून सुरक्षेत कसूर करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, आणि त्या आकड्याच्या निव्वळ श्रवणाने त्यास जी एकाएकी कळकळ वाटू लागली, तिचेच मूर्त स्वरूप म्हणजे आपली नेमणूक होय. कोणाचे काही उघड होऊ नये म्हणून सर्वांचे सर्व काही वाचणारा इतका निःस्पृह वाचक आमच्या पत्रांस यापूर्वी लाभला नव्हता.

परवा प्रस्तुत लेखकाने कचेरीचे वीजबिल भरणा करण्यासाठी ईमेलने धाडले, तेव्हा महावितरणचा ग्राहक क्रमांकही आधारप्रमाणेच १२ अंकी असल्याचे हेरून आपण ते जागीच अडविले आणि ‘संवेदनशील माहिती बाहेर नेण्याचा प्रयत्न’ असा शेरा मारलात. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. तो ताडून पाहिला तर अशा दहांतले नऊ क्रमांक निर्दोष सुटतात, हे खरे. परंतु इतकी चिकित्सा करणाऱ्या अंमलदाराचा धाक तो काय राहणार? अखेर पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढून तो व्हॉट्सॲपने रवाना केला, तेव्हा आपला पहारा अभंगच होता.

ग्राहकांची समग्र यादी घरच्या ईमेलवर नेणारे मोठे साहेब अपवादांच्या यादीत असल्याने त्यांस आपण मुजरा करता. आणि देवडीवरच्या वहीत अभ्यागतांची नावे व मोबाइल क्रमांक येणाराजाणारा कोणीही वाचू शकतो, तरी ती वही कागदी असल्यामुळे, संगणकात चढेपर्यंत, कायद्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून आपल्याही नाही.

अडविलेल्या पत्राचा खुलासा करावयाचा तर त्यात अडविलेला क्रमांक नमूद करणे सक्तीचे, आणि तो नमूद करताच खुलासाही अडतो. त्यावरील तक्रार पुन्हा आपणांकडेच वर्ग होते. सबब साहेबांचे नाव अपवादांतून कमी करावे आणि खुलासे ऐकण्यास एखादा मनुष्य नेमावा, इतकाच अर्ज आहे. ते १२ अंक येथे मुद्दाम लिहिले नाहीत. नाहीतर हे पत्र अनावृत झालेच नसते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
लेखाशाखेतील एक कारकून (चौकशी प्रलंबित)