गेलेलं पाणी परत येतं
लोहाऱ्यातल्या नवशिक्यांसाठी समुद्रकडे आणि गुहा पाहण्याची मार्गदर्शिका

पात्रता. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, किंवा समुद्रापासून तितक्याच सुरक्षित अंतरावर, लहानाचे मोठे झालेल्या सर्वांसाठी. पोहता येण्याची अट नाही. उलट निळोण्याच्या धरणात पोहायला शिकलेला मित्र सोबत असेल, तर जास्त लक्ष त्याच्यावरच ठेवावे. ‘मले पाण्याचं काय सांगतं बे?’ हे वाक्य तोच म्हणणार आहे.

पायरी १: ठिकाण ठरवा. ग्रुपवर विचारू नका. सगळे ‘गोवा’ म्हणतील आणि कोणीच येणार नाही. सरळ हरिहरेश्वर ठरवा. रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातलं हे देवस्थान, त्यामुळे घरून परवानगीही मिळते आणि प्रसादासाठी वरखर्चही. देवळामागून प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते आणि दोन कातळभिंतींच्या फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरते. खाली लाटांनी सपाट कापलेला खडक, बाजूला जाळी पडल्यासारखे कोरलेले कडे, कपारी आणि घळी. एवढ्याने मन भरलं नाही, तर गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ पाहा. या अरुंद घळीत भरतीची लाट घुसली की पाणी कारंज्यासारखं उडतं. ती काठावरून, लांबूनच पाहायची.

पायरी २: निघा. शकुंतला रेल्वे बंद आहे, तिची वाट पाहू नका. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने माणगाव, पुढे एसटी. अंतर सातशे किलोमीटरच्या वर. घरचे पराठे बडनेऱ्यालाच संपतील, हे गृहीत धरा.

पायरी ३: कपडे. जीन्स घालू नका. डेनिमचा कारखाना आपल्याच लोहारा एमआयडीसीत आहे, याचा अभिमान जरूर बाळगा, पण कोरड्या जागी. भिजलेली जीन्स घालून पायऱ्या चढणाऱ्याला प्रदक्षिणेचं पुण्य दुप्पट मिळत असेल, वेग मात्र निम्मा होतो. चपलाही नकोत, बूट घाला. खडकावर शेवाळ असतं, आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात.

पायरी ४: दगडाची ओळख. खाली पोहोचताच कोणीतरी म्हणेल, ‘असा गोटा तं आपल्याकडंबी हाय.’ त्याचं बरोबर आहे. दोन्हीकडे तोच बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्या जिल्ह्यात शिबला-पारडीला तर 2021 मध्ये रस्त्याच्या कामात याच दगडाचे खांब उघडे पडले. फरक एवढाच, की आपल्याकडे दगड फोडायला कंत्राटदार लागतो. इथे लाट भेगेत घुसते, आत कोंडलेली हवा दाबली जाते, लाट मागे फिरली की ती हवा फाटकन सुटते आणि भेग केसभर रुंदावते. हे रात्रंदिवस चालतं. मऊ थर आधी खचतो, कणखर दगड वर छप्पर होऊन राहतो, आणि आपण त्याला गुहा म्हणून फोटो काढतो.

पायरी ५: पंचांग काढा. हवामानाचं अॅप नव्हे, भिंतीवरचं कॅलेंडर. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला भरती आणि सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या आधी उतरायचं आणि ती संपायच्या आत वर यायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी सर्वात वर चढतं. आणि हा हिशोब मांडून झाल्यावरही गावातल्या माणसाला विचारायचंच. ‘पाणी लागलंय, आता उतरू नका’ असं त्याने सांगितलं, तर आपली पाऊणकी मागे घ्यायची.

पायरी ६: खाली उतरल्यावर. सर्वात कठीण पायरी हीच. आपण आयुष्यभर गेलेल्या पाण्याच्या मागे गेलेली माणसं. नाला आटला की पात्रात झिरा खणायचा, 2018 मध्ये यवतमाळ शहराला पाणी देणारी धरणं आटली तेव्हा टँकरमागे धावायचं. आपल्याकडे पाणी एकदा गेलं की पुढच्या मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. त्यामुळे ओहोटी दिसताच आपले पाय आपोआप पुढे पडतात: ‘अबे, पाणी उतरून रायलं, चाल ना समोर!’ इथेच थांबा. हे पाणी सहा तासांत परत येतं, आणि एका चालीने येत नाही. पहिल्या तासात जेमतेम, मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं. तुम्ही गुहेत ग्रुप फोटोसाठी ओळीत उभे राहताना ते मागच्या वाटेवर पोहोचलेलं असतं.

पायरी ७: नेता निवडा. सर्वात धाडसी मित्र नको. सर्वात भित्रा, घड्याळाकडे पाहणारा, ‘मी सांगून रायलो, चला आता’ म्हणून सगळ्यांना वैताग आणणारा निवडा. तो म्हणेल तेव्हा निघायचं. ‘एकच फोटू’ला त्याने नकाराधिकार वापरावा.

शंकासमाधान

*पावसाळ्यात जाऊ का?* 1 जून ते 31 जुलै सरकार मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांनाही समुद्रात जाऊ देत नाही. तुम्ही तर एसटीने आला आहात.

*गुहेत कोण राहतं?* कधी कधी खरोखर कोणीतरी राहतं. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या बेटांवरच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात, आणि ती चोरून विकणारेही होऊन गेले. त्यांना त्रास नको, म्हणून शिट्ट्या मारून आवाज घुमतो का हे पाहायचंच असेल, तर घरच्या विहिरीत पाहा.

*आठवण म्हणून दगड आणू का?* पायरी 4 पुन्हा वाचा.

यशाची चाचणी. परत आल्यावर सांगण्यासारखं काहीच घडलेलं नसेल, कोणी अडकलं नसेल, फक्त दोघं भित्र्या नेत्याशी बोलत नसतील, तर सर्व सूचना नीट पाळल्या गेल्या असं समजा. चौकात मात्र लाट वीस फुटांची होती असंच सांगा. मोजायला लोहाऱ्याहून कोण जातंय?