बिनशिध्याचा शिपाई

सरकारी कोषागारात पस्तीस वर्षे परक्याचा पैसा मोजून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्यास यंत्रशास्त्रातले काही कळावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही, आणि मीही ती कधी बाळगली नव्हती. परंतु विद्युत-अभियांत्रिकीचे पदवीधर असलेल्या आमच्या जावईबापूंना शिकागोपासून यलोस्टोनपर्यंतच्या प्रवासात जे तीन दिवस उमगले नाही, ते मला पहिल्याच रात्री दिसले होते, एवढे येथे नम्रपणे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. आमच्या कुटुंबाच्या मते यात नम्रपणा कोठेही नाही.

जावईबापूंनी कोणाकडून तरी वापरलेले एक मोटरहोम विकत घेतले होते. बत्तीस फूट लांबीची आणि आठ टनांच्या आसपास वजनाची ही एक बसच म्हणावयाची. मात्र तिच्या पोटात ओटा, फ्रिज, पलंग आणि न्हाणीघर अशी सर्व सिद्धता असते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे फाटक्या माणसाविषयी वापरतात. तिकडे पाठीवर बिऱ्हाड बाळगण्यास बँकेचे कर्ज काढावे लागते. शिवाय एवढे अवजड धूड मुक्कामावर उभे केल्यानंतर दुधाची पिशवी आणण्यासाठी ते पुन्हा हलविणे शक्य नसल्याने त्याच्या शेपटास एक लहान मोटार बांधून न्यावी लागते. तिची चारही चाके रस्त्यावर धावत असतात, इंजिन बंद असते आणि आत कोणी नसते. या बापड्या गाडीला तिकडचे लोक ‘टोड’ म्हणतात. ओढलेली या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा आणि बेडकाच्या नावाचा उच्चार सारखाच असल्याने तिला अकारण बेडकाची योनी प्राप्त झाली आहे. कोणी ‘डिंगी’ म्हणतात. तो शब्द मात्र मूळचा आपल्याच मुलखातल्या होडीचा, तेव्हा परदेशात एखादा गाववाला भेटावा तसा मला तो भेटला.

आता दीड टनाची ही डिंगी उतारावर मागून ढोसू लागली, तर पुढच्या बसचे ब्रेक ते सारे ओझे किती काळ सांभाळणार? म्हणून तिकडच्या अनेक राज्यांत ३००० पौंडांपेक्षा जड असलेल्या ओढीच्या वाहनास स्वतंत्र ब्रेक असावेत असा दंडक आहे, आणि काही ठिकाणी ही मर्यादा त्याहूनही खाली आहे. माझे मामा जी. आय. पी. रेल्वेत गार्ड होते; खंडाळ्याच्या घाटातील १ : ३७ च्या चढणीवर गाडीच्या शेवटच्या डब्यात हातब्रेकाच्या चाकाशेजारी बसून त्यांनी उमेदीची वर्षे काढली. ती परंपरा स्मरून, मागच्या मोटारीत मी बसतो आणि पुढून इशारा येताच ब्रेक दाबतो, असे मी निघण्यापूर्वी सुचविले. ‘‘अप्पा, ओढलेल्या गाडीत माणूस बसवायला इथं बहुतेक ठिकाणी बंदी आहे,’’ असे म्हणून जावईबापूंनी माझ्या जागी एक पेटी बसविली.

ही पेटी चालकाच्या आसनापुढे, पाय ठेवण्याच्या जागी मांडतात. तिची पाठ आसनास टेकते, आणि तिचा लोखंडी हात ब्रेकच्या पेडलला चापाने जखडलेला असतो. पुढची बस मंदावली, की पेटीतील संवेदकास तो झोक जाणवतो, आतला हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या सरकतो आणि हात पेडल दाबतो. बस जितकी झटकन मंदावेल, तितका दाब अधिक. पेटी मांडण्यापूर्वी जावईबापू इंजिन बंद ठेवून ते पेडल चार-पाच वेळा दाबून दगडासारखे घट्ट करून घेत, कारण ब्रेकला जोर देणारी निर्वात पोकळी शिल्लक राहिली, तर पहिल्या दाबास गाडी गरजेहून जास्त आवळली जाते. याखेरीज पुढच्या बसला बांधलेली एक बारीक तार असते. दुर्दैवाने दोन्ही वाहनांचा सांधा निखळून डिंगी सुटलीच, तर ती तार एक खुंटी उपसते आणि पेटी आपण होऊन पूर्ण ब्रेक लावते. धन्याशी संबंध तुटल्यानंतरही चाकरी न सोडणारा असा इमानी सेवक मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

आणि म्हणूनच, या सेवकास पगार कोठून मिळतो, असा प्रश्न मी विचारला.

जावईबापूंनी सिगारेट पेटविण्यासाठी एके काळी मोटारीत ठेवीत असलेल्या भोकाकडे बोट दाखविले. पेटीची दोरी त्यात खोचलेली होती. म्हणजे पेटी डिंगीच्याच बॅटरीतून १२ व्होल्टची वीज घेत होती. ‘‘आणि बॅटरीत भर कोण घालतो?’’ मी विचारले. ‘‘अप्पा, गाडीची बॅटरी आहे ती, इंजिन चालू झालं की आपोआप भरते.’’ ‘‘परंतु इंजिन तर बंद आहे.’’ यावर जावईबापू हसले. वरिष्ठ अधिकारी असेच हसतात, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी लेखापरीक्षणाचा शेरा येतो, हा माझा अनुभव आहे.

येथे शेरा त्याच रात्री आला. विस्कॉन्सिन ओलांडून मिनेसोटात मुक्कामास पोचेतो सात तास झाले होते, आणि दूध आणण्यासाठी डिंगीची किल्ली फिरविताच तिने एक केविलवाणा ‘टिक्’ केला आणि मौन धरले. रात्री मी वही काढून जमाखर्च मांडला. सुकाणूचे कुलूप उघडे राहावे म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवावी लागते, आणि त्यामुळे गाडीतील निम्मी उपकरणे उगाच जागी राहतात: तासाला अदमासे चार-पाच अँपिअर-तास. पेटीचा स्वतःचा खर्च निराळा. पेटीने पेडल दाबले की डिंगीचे मागचे तांबडे दिवे लागतात, तोही बोजा याच खात्यावर. मूळ शिल्लक पन्नास अँपिअर-तासांच्या आसपास. जमेच्या रकान्यात मी एक आडवी रेघ ओढली. कामगिरीवर पाठविलेल्या शिपायाने स्वतःच्या घरचे दाणे खाऊन पहारा द्यावा, असा हा प्रकार होता; आणि सांधा तुटण्याचा प्रसंग, ज्यासाठीही त्याची नेमणूक, तो आलाच, तर पुढून कसलीही मदत न मिळता केवळ त्याच्या कनवटीस जे असेल त्यावरच दीड टनाची गाडी थांबावयाची होती. कनवटीस काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी प्रथम काटकसरीचे धोरण स्वीकारले. गाडीचा एक फ्यूज उपटून त्यांनी अर्धी उपकरणे झोपविली. खर्च घटला, परंतु जमा शून्यच राहिली. मग दर पेट्रोलपंपावर डिंगीचे इंजिन दहा मिनिटे चालू ठेवण्याचा परिपाठ सुरू झाला, ज्याला आमच्या खात्यात तगाई म्हणत. साउथ डकोटात मिसूरी नदी ओलांडल्यानंतर अशाच एका पंपावर आम्ही चुकीच्या अंगाने शिरलो. बांधलेली डिंगी घेऊन बस मागे हटविता येत नाही, पुढची चाके भलतीकडे वळतात. त्यामुळे अभिमन्यूप्रमाणे आत शिरलेल्या आम्हांस बाहेर पडण्यासाठी भर उन्हात सारे जोड सोडावे लागले. तेवढ्या वेळात पेटीने कमी व्होल्टेजची किंकाळी सुरू केली, आणि ती बंद कशी करावी हे कोणासच आठवेना. कन्या म्हणाली, ‘‘अप्पा, तुम्ही आता काही बोलू नका.’’ मी बोललो नव्हतो. केवळ वही उघडली होती.

अखेर एका लहानशा गावात एक वृद्ध मेकॅनिक भेटला. त्याने पेटी पाहिली, दोरी पाहिली, टोपी मागे सारली आणि जावईबापूंना एकच प्रश्न केला, ज्याचे तात्पर्य असे, की याला खायला कोण घालतो? त्या क्षणी त्या अनोळखी गृहस्थास आलिंगन द्यावे असे मला वाटले. परंतु त्याचे हात तेलाने माखलेले होते.

त्याने सांगितलेला उपाय कोणाही अव्वल कारकुनास सुचण्याजोगा होता. दिव्यांसाठी बसपासून डिंगीपर्यंत जी सहा खिळ्यांची केबल आधीच जोडलेली असते, तिच्यातील एक पद रिक्त होते. त्या पदावर त्याने एक जाड तार नेमली. बसचे इंजिन चालू असताना तिच्यातून थोडी थोडी वीज मागच्या बॅटरीत जमा होत राहावी, आणि इंजिन थांबले की तार मृत व्हावी, अशी जोडणी केली. बारीक तार का नको, असे जावईबापूंनी विचारता, लांब पल्ल्यावर बारीक तारेत व्होल्टेज गळते, असे उत्तर मिळाले. मुंबईस मंजूर झालेले अनुदान तालुक्यास पोचेतो त्याचे काय होते हे ठाऊक असल्याने मला अधिक स्पष्टीकरण नको होते. तारेच्या दोन्ही टोकांस त्याने एकेक फ्यूज बसविला. एकच का नाही? कारण दोन्ही टोकांस बॅटऱ्या आहेत. मधेच तार घासून उघडी पडली, तर आग लागण्याइतका पुरवठा दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. ज्या तिजोरीला दोन दारे, तिला दोन कुलुपे, हा नियम मी कित्येक जिल्हाधिकाऱ्यांना समजावून थकलो होतो.

वायोमिंगमध्ये ९६६६ फूट उंचीच्या पावडर रिव्हर खिंडीतून आम्ही उतरलो, तेव्हा जावईबापू खालच्या गिअरमध्ये बस सांभाळीत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसून पेटीच्या कामाची वर्दी देणाऱ्या लहान तांबड्या दिव्याकडे डोळे लावले होते. प्रत्येक वळणास तो लागे आणि विझे. मामांच्या हातातल्या कंदिलाची मला आठवण झाली, परंतु ती बोलून दाखविण्याजोगी वेळ नव्हती.

यलोस्टोनच्या मुक्कामावर डिंगीची बॅटरी मोजली, तर १२.६ व्होल्ट भरली, म्हणजे शिल्लक पूर्ण. जावईबापू त्या दिवशी माझ्याशी विशेष अदबीने बोलले. रात्री आमच्या कुटुंबाने बसच्या पुढच्या भागातील संगीतयंत्रावर भजने लावली आणि ती ऐकता ऐकता त्यांस झोप लागली. सकाळी बसची किल्ली फिरविली, तेव्हा त्या आठ टनांच्या धुडाने तंतोतंत तसाच केविलवाणा ‘टिक्’ केला. जावईबापू माझ्याकडे न पाहता दोन केबली घेऊन डिंगीकडे गेले. त्या दिवशीची माझ्या वहीतील नोंद अशी: सकाळी ७ वाजून १० मिनिटे, उसनवार, मागच्या गाडीकडून पुढच्या गाडीस, तारण काही नाही.