परजालोपजीवी

स्मार्टफोन बाळगायचा, परंतु त्यात चालणारा डेटा मात्र विकत घ्यायचा नाही, हे व्रत निष्ठेने पाळणाऱ्या मध्यमवयीन व बेताच्या पगाराच्या गृहस्थाला परजालोपजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या नेटवर निर्वाह करणारा, असे म्हणता येईल. हा गृहस्थ बहुधा तळेगाव किंवा देहूरोड परिसरात राहतो, लोणावळा लोकलने पुण्याला नोकरीसाठी येतो, आणि त्याचा फोन भाच्याने नवा घेतल्यावर जुना म्हणून त्याच्याकडे आलेला असतो. त्यामुळे स्क्रीनचा एक कोपरा तडकलेला व चिकटपट्टीने सांधलेला असणे हे या वर्गाचे बाह्य लक्षण मानण्यास हरकत नाही.

त्याला कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. 2016 च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन पुढील मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट मिळत होता, तेव्हा याच गृहस्थाने रात्र रात्र जागून जुनी नाटके व कीर्तने पाहिली होती. पैसे पडू लागले तसा त्याने संन्यास घेतला, इतकेच. शिवाय त्याचा हिशेब पक्का असतो. रिचार्जची मुदत महिन्याची नसून 28 दिवसांची असते, म्हणजे वर्षाकाठी तेरा रिचार्ज मारावे लागतात, हे त्याने फार पूर्वीच ताडले होते, आणि पंचांगातला अधिक महिना सुमारे तीन वर्षांनी येतो तर मोबाईल कंपन्यांचा दरवर्षी कसा येतो, असा त्याचा रास्त सवाल असे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राचे नियमन करणाऱ्या प्राधिकरणाने, 2022 मध्ये निदान एक तरी पॅक 30 दिवसांचा ठेवण्यास कंपन्यांना भाग पाडले आणि 2024 च्या डिसेंबरात तर डेटा वगळून केवळ बोलणे व एसएमएस यांचा स्वतंत्र पॅक देण्याचा आदेश काढला, तेव्हा त्या बातमीचे कात्रण या गृहस्थाने पाकिटात जपून ठेवले.

त्याच्या दिनचर्येचे केंद्र रेल्वे स्थानक हे होय. स्थानकांवरील सार्वजनिक वायफायची सध्याची योजना 2016 च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. पुढे ती योजना चालवणाऱ्या रेलटेल या सरकारी कंपनीने रोजचा पहिला अर्धा तास फुकट आणि त्यापुढे पैसे, अशी पद्धत ठेवली. दहा रुपयांत दिवस निघतो हे त्याला माहीत असते, पण दहा रुपयांत कटिंगही येतो हेही त्याला माहीत असते. पुणे स्थानकाच्या कोणत्या खांबाशी रेंज दाटून येते याचे त्याचे ज्ञान अनुभवसिद्ध असून, त्या खांबाला पाठ लावून, डबा दोन पायांत धरून, तो ओटीपीची, म्हणजे एसएमएसने येणाऱ्या व एकदाच चालणाऱ्या आकड्याची, वाट पाहतो. त्या अर्ध्या तासात काय काय उरकायचे याची यादी कागदावर लिहिलेली असते, आणि नेट सुरू करण्यापूर्वी नेटवर आपले काय काम आहे हे ठाऊक असणारा देशातील हा बहुधा शेवटचा नागरिक असावा.

या व्यवस्थेचा खरा परिणाम त्याच्या पत्रव्यवहारावर होतो. पहाटे साडेपाचला टाकलेले ‘शुभ सकाळ’ घड्याळाचे चिन्ह मिरवत फोनमध्येच अडकून राहते आणि दहाच्या सुमारास सर्व नातलगांकडे एकदम जाऊन थडकते, त्यावरून मावशीला तो पुण्यात उतरल्याचे कळते. सोसायटीच्या गटात मात्र हा प्रकार इतका निरुपद्रवी राहत नाही. पाण्याच्या टँकरचा खर्च तळमजल्याने द्यावा की नाही, यावरील संध्याकाळचे भांडण तो स्थानकावर उतरवून घेतो, रात्री जेवणानंतर शांतपणे वाचतो, दोन्ही बाजूंना समज देणारे चार परिच्छेदांचे उत्तर लिहितो, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी खांबापाशी रवाना होते. दरम्यान सेक्रेटरी व तळमजला यांचा चहावर समेट झालेला असतो. भांडण नव्याने पेटते ते अशा वेळी, आणि पेटवणारा संध्याकाळपर्यंत संपर्काबाहेर असतो.

लोकलमधील सहप्रवाशांशी त्याचे संबंध हॉटस्पॉटवर, म्हणजे एका फोनमधील नेट वायफायच्या रूपाने दुसऱ्याला वाटून देण्याच्या सोयीवर, टिकून असतात. ‘जरा हॉटस्पॉट दे रे, एकच मेसेज बघायचाय,’ असे म्हणून तो जोडला जातो आणि आकुर्डी ते कासारवाडी एवढ्या अवधीत मेसेजबरोबर अख्खा रायगड जिल्हा, नकाशाच्या स्वरूपात, उतरवून घेतो.

या नकाशाला कारण आहे. फोनमधील जीपीएस, म्हणजे उपग्रहांचे संदेश टिपून आपले ठिकाण ठरवणारी यंत्रणा, नेटवर अवलंबून नसते. नकाशा आधीच उतरवलेला असेल तर रेंज नसली तरी फोन वाट दाखवू शकतो. वर्षातून एकदा कोकणात जाताना ताम्हिणी घाटात जेव्हा गाडीतील सर्वांचे महागडे फोन मुके होतात, तेव्हा पुढच्या सीटवर त्याला सन्मानाने बसवले जाते, आणि तोही तडकलेली स्क्रीन नाकाशी धरून ‘आता उजवीकडे’ असे ज्या अधिकाराने म्हणतो, तो अधिकार त्याला कार्यालयात वा घरात कोठेच लाभलेला नसतो. पुढे निजामपूर येते, इतरांच्या फोनना जाग येते, पण चालकाचा विश्वास आता पूर्णपणे त्याच्यावर बसलेला असल्यामुळे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. उतरवलेल्या नकाशात रस्ता दिसतो, त्या रस्त्यावरची गर्दी दिसत नाही, ही त्या विद्येची उणीव माणगावला, मुंबई-गोवा महामार्गावरच्या त्या सुप्रसिद्ध कोंडीत गाडी सर्व बाजूंनी चेपली गेल्यावर उघड होते. मागच्या सीटवरून त्याचा उद्धार सुरू होतो. पण तो शांतपणे मागे वळतो आणि येथे रेंज फार सुरेख असल्याचे सांगून, रायगड जिल्ह्यापुढचा नकाशा अजून उतरवायचा राहिला आहे तेव्हा दोन मिनिटे हॉटस्पॉट मिळेल का, अशी भाच्याकडे विचारणा करतो.