बारा गावचे संघ, चार गावचं पाणी

मुंबईचा कबड्डी संघ 2025 च्या मोसमात विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली अशी चार धाम करून आला. मुंबईत मात्र एकही सामना झाला नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ओडिशाचा रग्बी संघ आमच्या अंधेरीत येऊन खेळून गेला, तोही पावसाळ्यात. चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरूवालेही आले. रग्बी प्रीमियर लीगचा तो पहिला मोसम होता. सहा ठिकाणांच्या नावांचे सहा संघ आणि सगळे सामने एकाच शहाजी राजे क्रीडा संकुलात. म्हणजे मुंबईकराला कबड्डी बघायची तर विशाखापट्टणमचं तिकीट काढायचं आणि भुवनेश्वरकराला रग्बी बघायची तर अंधेरीला उतरायचं. रेल्वे खात्याने या दोन्ही लीगना पुरस्कार द्यायला हरकत नाही.

तरी दर वर्षी कुणीतरी सूट घातलेला माणूस माईकसमोर उभा राहून सांगतोच, ‘आम्ही विस्तार करतोय.’ कसला विस्तार, असं विचारलं की संघांची यादी हातात येते. प्रो कबड्डीत 2014 साली आठ संघ होते, 2017 ला बारा झाले. साठच्या घरातले सामने 138 वर गेले. उत्तर प्रदेश, हरियाणा, गुजरात आणि तमिळनाडू या चौघांची भर पडली. तमिळनाडूच्या संघात तेव्हा आपल्या सचिन तेंडुलकरांची भागीदारी होती. आमच्या कांदिवलीत सचिनच्या नावाचा जिमखाना, आणि सचिनचा कबड्डी संघ चेन्नईला. याला म्हणतात वाटणी.

पण घराचा हिशेब बघा. पूर्वी प्रत्येक संघाच्या गावी लीगचा मुक्काम पडायचा. मग करोनाच्या काळात सगळं बेंगळुरूच्या एका हॉटेलात आणि रिकाम्या सभागृहात झालं. ते समजण्यासारखं होतं. पुढे 2023-24 च्या दहाव्या मोसमात पुन्हा बारा शहरं फिरून झाली. 2024 च्या जानेवारीत वरळीच्या डोममध्ये सामने झाले, लोक आले, ओरडले आणि शेवटची लोकल पकडून घरी गेले. त्याच वर्षअखेरीच्या पुढच्या मोसमात बाराची तीन शहरं झाली, हैदराबाद, नोएडा आणि पुणे. मग 2025 ला चार. त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणची गाठ दबंग दिल्लीशी पडली आणि सामना कुठे, तर दिल्लीत! पलटण 31-28 ने हरली. तीन गुणांनी. त्यातले किती गुण समोरच्या संघाने घेतले आणि किती गॅलरीने, याचा निवाडा तिसऱ्या पंचालाही करता येणार नाही.

असं का होतं, याचं उत्तर पैशात आहे. 2021 साली या लीगचे प्रक्षेपणाचे हक्क पाच वर्षांसाठी 908 कोटींच्या वर गेले. तिकीटखिडकीवरचं उत्पन्न त्यापुढे चहापाण्याचं. कॅमेरे, दिवे, मॅट, रंगीत धूर हा सगळा संसार बारा गावी हलवण्यापेक्षा चार ठिकाणी मांडलेला परवडतो. प्रेक्षक हवाच असतो, पण कॅमेऱ्याच्या मागे भिंत कोरी दिसू नये एवढ्यापुरता. लग्नात व्हिडिओवाला येईपर्यंत अक्षता थांबवतात ना, तसं. मालकांना मी दोष देत नाही. ज्याच्या खिशातून पैसे येतात त्याच्या तोंडाकडे माणूस बघणारच. मात्र मग ‘शहराचा अभिमान’ वगैरे शब्द जाहिरातीतून काढून टाकावेत. अभिमान म्हणायचा आणि तो बघायला विमानतळावर पाठवायचं, हे काही बरं नाही.

ही झाली डोमची गोष्ट. आता चारकोपला या.

कांदिवली स्टेशनवरून शेअर रिक्षा पकडा, बाजाराच्या अलीकडे उतरा, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या शनिवारी रात्री आवाजाच्या दिशेने चाला. मैदानात पत्रे ठोकलेत, बांबूंवर हॅलोजन टांगलेत, मधे मॅट अंथरलंय. पुकारा करणारा घसा बसेस्तोवर ‘दोन्ही संघांनी त्वरित मैदान क्रमांक एकवर हजर राहावे’ म्हणतोय आणि दोन्ही संघ मैदान क्रमांक एकशेजारीच वडापाव खातायत. पहिल्या रांगेत पाहुण्यांचे सोफे, ते रिकामे. त्यांच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्या कधीच भरलेल्या. त्यामागे उभे, कंपाउंडच्या भिंतीवर बसलेले, उभ्या रिक्षांच्या मागच्या सीटवर चढलेले. समोरच्या घराच्या गच्चीवरून एक आजी ओरडतायत, ‘अरे बाळा, कोपऱ्याकडे बघ, कोपऱ्याकडे!’ बाळ काही बघत नाही. डाव्या कोपरारक्षकाने घोट्यात हात घातला आणि बाळ आडवं. आजी म्हणाल्या, ‘सांगितलं होतं.’ असा समालोचक कोट्यवधी मोजून मिळत नाही.

बरोबरी झाली की इथे खरी मजा. पाच-पाच चढायांचा डाव सुरू झाला की गच्चीवरची माणसं खाली येतात, वडापाववाला तेल तसंच सोडून येतो आणि पंचांच्या टेबलाभोवती एवढी गर्दी होते की गुणलेखकाला गुण दिसत नाहीत. ही उपस्थिती कोण मोजतं? कुणी नाही. तिकीट नाही, त्यामुळे आकडा नाही. आकडा नाही, म्हणून कुठल्याही विस्ताराच्या प्रस्तावात ही माणसं नाहीत.

चारकोप हे काही आपोआप वाढलेलं गाव नव्हे. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे भूखंड पाडले. रस्ते, गटारं, पाण्याची लाइन दिली, घर ज्याचं त्याने बांधलं. मधे मधे चौक सोडले. आज बैठ्या घरांवर दोन-दोन मजले चढलेत, पण ते चौक आणि मैदानं बरीचशी टिकून आहेत. आणि कबड्डीला लागतं किती? तेरा मीटर बाय दहा मीटर. एवढ्या जागेत मुंबईचा बिल्डर दोन फ्लॅट काढून त्यांना ‘प्रशस्त’ म्हणतो. ज्या खेळाला घर द्यायला एवढी कमी जागा लागते, त्याच खेळाचा मुंबईचा संघ बेघर आहे.

‘पण उपनगराच्या संघाला कोण येणार?’ असं एक मत असतं. हे बोलणाऱ्याला ऑस्ट्रेलियाला पाठवावं. तिथल्या रग्बी लीगला, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीला, सामन्यामागे सरासरी वीस हजारांच्या आसपास माणसं येतात. आणि ती लीग उभी राहिली कशावर? सिडनीच्या उपनगरांवर. 1908 पासून एकेका भागाचा एकेक क्लब, त्याचं मैदान, त्याचे आजोबा, त्याचे नातू. आपल्याकडच्या मंडळासारखंच, फक्त हारतुरे कमी. 2023 साली तिथे सतरावा संघ घेतला तो डॉल्फिन्स. तो कुणी कंपनीने रातोरात छापलेला नव्हता. ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफचा 1947 पासूनचा जुना क्लब होता तो. आधी माणसं होती, मग परवाना आला.

त्यांचंही सगळं सरळ चाललंय असं नाही. उत्तर सिडनीचा ‘बेअर्स’ हा 1908 चा मूळ क्लब. 1999 नंतर तो वरच्या लीगमधून बाहेर पडला. आता 2027 पासून तो परत येणार आहे, पण पर्थला. देशाच्या दुसऱ्या टोकाला. आणि 2028 ला पापुआ न्यू गिनीचा संघ येतोय, त्यामागे ऑस्ट्रेलियन सरकारचे 60 कोटी डॉलर आहेत. शेजारी देश चीनकडे झुकू नये म्हणून रग्बीचा संघ! आपल्याकडे राजकारणी स्पर्धेचा नारळ फोडून थांबतात, हे किती कमी महत्त्वाकांक्षी आहे बघा.

तर रेडक्लिफचा नियम आपल्याकडे लावायचा म्हटलं, तर पुढचा परवाना राजधान्यांना न देता चारकोपसारख्या ठिकाणाला द्यायला हवा. नुसता परवाना घेऊन काय होतं ते पुण्याला विचारा. पुण्याने क्रिकेटचे वॉरियर्स बघितले, ते 2013 ला गेले. सुपरजायंट दोन मोसमांच्या भाडेकरारावर आले आणि 2017 ला सामान बांधून गेले. फुटबॉलचा पुणे सिटी 2019 ला बंद पडला, त्याची जागा हैदराबादला गेली, आणि 2025 ला हैदराबादवाले दिल्लीला गेले. एवढ्या बदल्या तर कलेक्टरच्याही होत नाहीत. कबड्डीची पलटण तेवढी टिकली आहे, कारण पुण्यात कबड्डी तिच्या आधीपासून होती.

विस्ताराचा आणखी एक दरवाजा आहे, त्याची कडी कुणी काढतच नाही. 2016 ला प्रो कबड्डीने महिलांचे तीन संघ काढून बघितले. फायर बर्ड्स, आइस दीवाज, स्टॉर्म क्वीन्स. नावं अशी की मुलगी कुठल्या गावची हे कळूच नये. एक मोसम झाला आणि पुढचा आलाच नाही. 2012 साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक जिंकला त्या संघात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे अशा तीन महाराष्ट्रातल्या मुली होत्या. राज्य सरकारने तिघींना एकेक कोटी दिले. म्हणजे बक्षीस द्यायला पैसे आहेत, पण प्रो कबड्डीत खेळायला जागा नाही. चारकोपच्या त्या शनिवारी मुलींचे सामने सर्वात आधी लावतात, साडेपाचला, उन्हं असताना, पाहुणे यायच्या आत. तेव्हाही गच्च्या भरलेल्या असतात. आजी तेव्हाही असतात.

आता कुणी म्हणेल, चारकोपला आधी विस्ताराचा अनुभव आहे का? भरपूर आहे. 2009 ला चारकोप-वांद्रे-मानखुर्द मेट्रोचं भूमिपूजन खुद्द राष्ट्रपतींच्या हस्ते झालं आणि 2014 ला ती योजना रद्द झाली. पुढे 2 अ नावाची मेट्रो आली, ती दहिसर ते अंधेरी. चारकोपला मिळाली ती तिची कारशेड. गाड्या रात्री झोपायला आमच्याकडे येतात.

त्यामुळे संघ मिळेल तेव्हा मिळेल, तयारी मात्र जोरात आहे. नाव ‘चारकोप’ ठेवावं की ‘कांदिवली’, यावर दोन मंडळांत फाटलं आहे. सेक्टर एकवाल्यांना मूळ जागा आपली वाटते, सेक्टर आठवाल्यांना मैदान आपलं वाटतं. कार्याध्यक्ष ठरले, सहकार्याध्यक्ष ठरले, प्रमुख सल्लागार आणि आधारस्तंभही ठरले. नाक्यावर शुभेच्छांचा बॅनर लागलाय, त्यावर बावीस फोटो आहेत. चढाईपटूसाठी कोपऱ्यात जागा ठेवली होती, पण शेवटच्या क्षणी तिथे बॅनर छापून देणाऱ्याचा फोटो बसवावा लागला.